निजवलेले केस

२ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आई काय खाते ते रोज लिहीत जा. म्हणून ही वही. आज अर्धा कप चहा आणि बिस्किटाचा एक कोपरा. झाली नोंद.

वजन आणखी उतरलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल, असं त्या म्हणाल्या. आई शेजारीच बसली होती, पण तिचं लक्ष डॉक्टरीणबाईंच्या भांगाकडे. बाहेर पडल्यावर मला म्हणाली, "बाईंचे पुढचे केस गळायला लागलेत. कुणीतरी सांगायला हवं." पुढच्या खोलीत आरसा आणि फिरती खुर्ची मांडून तिने गल्लीतल्या दोन पिढ्यांची डोकी सांभाळली. धंदा विसरलेली नाही. मला विसरली.

ताट समोर ठेवलं की तेच. "तुम्ही कोण? राहू द्या. थोरली आली की जेवीन." थोरली म्हणजे ताई. ती समुद्रापलीकडे असते, फोनवर रडते आणि आईला काय खायला घालावं याचे व्हिडिओ पाठवते. मी या घरात जन्मले, याच घरात केस पिकवले, आणि मला "तुम्ही". राग येतो. इथे लिहायला काय हरकत आहे.

३ मार्च, मंगळवार

सकाळी डोक्यावरून आंघोळ करत होते तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. तशीच ओल्या केसांनी धावत बाहेर आले. आई टेबलाशी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलीस का गं थोरले? कधीची वाट बघतेय." मी सूप पुढे केलं. प्यायली.

दुपारी केस वाळवून नेहमीसारखा अंबाडा घातला आणि भात घेऊन गेले. "तुम्ही कोण?"

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. निकाल बदलला तर आम्ही आधी बघतो, नमुन्यात काय बदललं. बाई तीच, आवाज तोच, स्वयंपाकही तितकाच बेचव. बदलले ते केस. ओले असताना माझे केस वजनाने खाली लोंबतात, ताईचे असायचे तसे सरळ. वाळले की उसळी मारून वर चढतात, म्हणून कॉलेजपासून मी ते अंबाड्यात कोंबून ठेवते. माझे मोकळे केस कुणी शेवटचे कधी पाहिले, मलाच आठवत नाही.

तर केस सरळ करायचे. ताई व्हायचं.

५ मार्च, गुरुवार

प्रयोगशाळेतल्या एका मुलीकडून केस सरळ करायचा गरम चिमटा मागून आणला. आरशासमोर पहिली बट धरली, थोडी वाफ निघाली, थोडा वास आला. आई आतून कशी आली, मला कळलंच नाही. हातात पाण्याचा जग. तो तिने सरळ माझ्या हातावर आणि चिमट्यावर ओतला. घरभर अंधार.

"केस आहेत का बटाटे, भाजायला?" ती म्हणाली. आवाज अगदी पूर्वीचा, गिऱ्हाइकांना दटावायची तो.

मी वाचले, चिमटा गेला. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू मेणबत्ती घेऊन वर आल्या. मी कामावर असते तेव्हा त्याच आईजवळ बसतात. म्हणाल्या, "अगं, तुझी आई जन्मात कधी केसांना आच लावायची नाही. माझे लग्नातले केस तिने नुसते गुंडाळून सरळ केले होते." मग माझ्या ओल्या बाहीकडे बघून म्हणाल्या, "तुला नाही का शिकवलं तिने?"

नाही शिकवलं.

८ मार्च, रविवार

विजेशिवाय केस सरळ करायचे तर मार्ग बरेच आहेत, त्यांतले बहुतेक फसतात. परवा ओल्या केसांची शेपटी बांधून तिला खालपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर रबरं घातली. रबरं काढल्यावर केस सरळ झाले होते, पण प्रत्येक रबराच्या जागी खाच. डोक्यावर बांबू उगवल्यासारखं दिसत होतं. काल केसांना केळं फासलं. त्याबद्दल काही लिहीत नाही.

आज आईची पद्धत आठवून बघितली. लहानपणी दारात बसून पाहिलेली. जवस पाण्यात उकळून त्याची चिकट पेज करायची, गाळायची, दमट केसांना लावायची. मग मोठ्या दातांच्या फणीने केस डोक्याभोवती सपाट गुंडाळत न्यायचे, फेटा बांधावा तसे. जागोजागी काळ्या पिना. वरून रेशमी स्कार्फ. आणि पंख्याखाली बसून राहायचं. आई याला केस निजवणं म्हणायची. निजलेल्या केसांना हात लावायचा नाही, असा दम असायचा.

संध्याकाळी सोडले. सरळ झाले, पण सगळेच्या सगळे डावीकडे झुकलेले. सोसाट्याच्या वाऱ्यात उभी असल्यासारखी दिसते मी. तरी आईला चाललं. "ये थोरले," म्हणाली आणि माझ्या हातून जेवली. भात, भाजी, अर्धं उकडलेलं अंडं. बरोबर निम्मं ताट. मग ताटावर दुसरं ताट झाकलं आणि म्हणाली, "हे राहू दे." खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आणि बाहेर बघत बसली. मध्येच विचारलं, "धाकटी आली का शाळेतून?"

मी म्हटलं, येईल.

आज रविवार आहे, शाळा नाही, हे तिला सांगून उपयोग नव्हता. उरलेलं निम्मं कचऱ्यात टाकलं.

१० मार्च, मंगळवार

साहेबांनी विचारलं, "वारा कुठल्या दिशेचा आहे आज?" सगळे हसले. मीही हसले, नाहीतर काय करणार.

घरी आल्यावर आईने मला आरशासमोर उभं केलं आणि चारी बाजूंनी निरखलं. "कुणी केलंय हे? एकाच अंगाने निजवलेत. निम्मे वाळले की सोडून उलट्या बाजूने गुंडाळायचे असतात, एवढं कळत नाही का त्या बाईला? जा, केस ओले करून ये. पाट घे."

पाट म्हणजे तो बुटका, फिरत्या खुर्चीच्या आधीचा. आई खुर्चीवर, मी तिच्या गुडघ्यांमध्ये पाटावर, तिच्याकडे पाठ करून. जिला आता ब्लाउजची बटणं लावता येत नाहीत तिने माझा भांग एका फटक्यात पाडला. पिन दातात धरून उघडायची, ती केसांच्या वळणाबरोबर आडवी खोचायची, टोचायची नाही. "मान सोड," ती म्हणत होती. "तुझी मान नेहमीच ताठ." टाळूवरच्या केसांना तिने मोठा रोलर लावला, तिथे घडी पडू नये म्हणून. मी तो भाग कालपर्यंत चिरडतच होते.

लिहूनच टाकते. या पाटावर मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. ताई दर रविवारी बसायची. मी हट्ट केला की आई म्हणायची, "तुझे नको." बस, एवढंच. गल्लीतल्या सगळ्या बायकांसाठी हिला वेळ होता, ताईसाठी होता, माझे नको. मी जिन्यात जाऊन बसायची. तेव्हाच ठरवलं होतं, हिच्यापुढे पुन्हा डोकं न्यायचं नाही. आणि आज नेलं ते ताई म्हणून.

जेवण निम्मं ताट. वर झाकण.

१२ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घसरण थांबलीय, पण निम्म्या ताटावर हे शरीर फार दिवस निघणार नाही. "त्यांना आवडीचं द्या."

म्हणून आज भोपळ्याचं सूप, लोण्यात परतलेला बटाटा, मऊ पाव. बटाट्याचे दोन भाग केले, पावाचे दोन, अगदी मापून. एक भाग खाल्ला, दुसरा झाकला. "पोट भरलं का?" म्हटलं. "माझं झालं," म्हणाली. चमच्याने भरवायला गेले तर तोंड घट्ट मिटलं. मी वैतागून झाकलेलं ताट तिच्यादेखत कचऱ्यात उपडं केलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या तोंडचा घास काढून घेतलाय. संध्याकाळपर्यंत अबोला.

हट्टीपणा हासुद्धा या आजाराचा भाग असतो, असं वाचलंय. उद्यापासून बटाटा बंद, बहुतेक त्याचाच राग असावा.

१५ मार्च, रविवार

ताई होणं जमायला लागलंय. फार अवघड नाही. हळू बोलायचं, कशालाही हो म्हणायचं आणि घाईत असल्यासारखं दिसायचं नाही. मी वर्षानुवर्षं या घरात औषधं, बिलं, गळका नळ करत राहिले, माझ्या आवाजाला धार आली. लांब राहिलं की आवाज गोड राहतो. हे मी ताईला कधीतरी ऐकवणार आहे.

आज पाटावर जरा जास्त वेळ बसले. केस वाळले होते तरी सांगितलं नाही. पंख्याचा वारा बरा वाटत होता, दुसरं काही कारण नाही.

आई मला, म्हणजे ताईला, बरंच सांगते. कुठल्या गिऱ्हाइकाचा नवरा कसा, कुणाच्या केसांत उवा निघाल्या आणि तिने कुणाला कळू दिलं नाही. मधूनमधून खिडकीकडे मान. "सुटली का शाळा?" धाकटीबद्दल याच्यापलीकडे चकार शब्द नाही. मीही विचारत नाही. विचारून काय ऐकायला मिळेल, त्याची खात्री नाही.

२० मार्च, शुक्रवार

वजन पुन्हा उतरलं. थोडंच, पण उतरलं. डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी बोलावलंय. तोवर सुधारणा नसेल तर दाखल करू, म्हणाल्या. आई तिथेच पायांनी जमिनीवर काहीतरी गिरवत बसली होती. नाकात नळी घातली तर ती उपसून काढेल आणि मग तिचे हात पलंगाला बांधतील. त्या हातांचं मला जास्त वाटतं.

ताईला कळवलं. ती रविवारी येतेय. आता खरी थोरली आली की आई पोटभर जेवेल, आणि माझं हे सोंग संपेल. बरंच होईल.

२२ मार्च, रविवार

ताई आली. दारात उभी, बॅग हातात, केस कानाच्या वर कापलेले आणि पांढरे. "धुवायला सोपे पडतात," म्हणाली. आई आता हिला कशी ओळखणार, हे बोलायलाही वेळ नव्हता.

आई तिला बघून उठली, खुर्ची पुसली. "या बाई, बसा. पण तुमच्या डोक्यावर फारसं काही ठेवलेलं नाही हो. मी काय निजवणार?"

ताई हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून रडली. मी केस सरळ सोडून भाजी चिरत होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू माझ्यासारखी दिसतेस. मी आले आणि माझी जागाच नाही."

मला एवढी वर्षं जे ऐकवायचं होतं ते सगळं जिभेवर होतं. पण तिचं नाक लाल झालेलं, लहानपणी व्हायचं तसं. मी म्हटलं, "तुझी जागा काय सुखाची होती? मान मोडते त्या पाटावर."

"दर रविवारी सांगायचे मी आईला, की मला कंटाळा येतो," ती म्हणाली. "तू जिन्यात बसून फुरंगटायचीस आणि मला वाटायचं, हिची चैन आहे. हिला खेळायला मिळतं."

हे मला माहीत नव्हतं.

दुपारी ताई गिऱ्हाईक म्हणून आईच्या समोर बसली. दुसरा इलाज नव्हता. आई माझे केस निजवत होती, जेवण झालं होतं, निम्मं ताट झाकून खिडकीत ठेवलं होतं. ताईने गिऱ्हाइकाच्या आवाजात सहज विचारलं, "तुमच्या धाकट्या मुलीचे केस नाही का हो निजवत?"

माझी मान ताठ झाली. आईने ती टिचकी मारून सैल केली.

"तिचे नाही हो निजवायचे," आई म्हणाली. "ती शाळा दिसतेय ना कोपऱ्यावर? सुटली की दोनशे पोरी एकदम बाहेर पडतात. सगळ्यांचे कपडे सारखे, वेण्या सारख्या. माझे डोळे तर हे असे. पण तिचं ते कुरळं डोकं मला इथून, खिडकीतून, गर्दीत दिसतं. ते दिसलं की मी आच लावते, तिचं जेवण गरम करायला. सरळ केले तर कशी ओळखू?"

एक पिन खोचली. मग म्हणाली, "आज फार उशीर केला तिने. तिच्या वाटणीचं गार झालं."

ताई माझ्याकडे बघत होती. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते. कितीतरी दिवसांचं निम्मं निम्मं ताट मी माझ्या हाताने कचऱ्यात टाकलं होतं. तिच्यादेखत.

२३ मार्च, सोमवार

सकाळी स्कार्फ सोडला, पिना काढल्या आणि डोकं जवसाचा चिकटपणा जाईपर्यंत धुतलं. ताई म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जायचंय. आज तिने तुला ओळखलं नाही आणि निम्मंही टाकलं तर? निदान उद्यापर्यंत तरी माझ्यासारखी राहा." बरोबर होतं तिचं. मला भीती वाटत होती. तरी केस वाळू दिले. वाळले, चढले, कान झाकले. आरशात बघितलं तर पार पांढरंराखाडी झुडूप.

आईला सकाळी दिसलेच नाही. मी कामावर गेले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ताईला सांगून ठेवलं होतं, आज ताटात दुप्पट वाढ आणि शाळा सुटायच्या आधी आईला खिडकीशी बसव. मी रोज मागच्या गल्लीने येते, ती जवळ पडते. आज वळसा घालून शाळेच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. फाटकाशी वाट बघणाऱ्या आया माझ्या डोक्याकडे बघत होत्या.

घंटा झाली. पोरी सुटल्या. मी त्यांच्यात शिरून, त्यांच्या दप्तरांचे धक्के खात, घराच्या दिशेने चालत निघाले. आमच्या खिडकीकडे वर बघायची हिंमत होत नव्हती. बघितलं तेव्हा आई उभी होती. गजाला धरून, वाकून. मग ती एकदम आत गेली, आणि मला वाटलं, संपलं.

वर आले. दार ताईने उघडलं. आत आई ओट्याशी होती, ताईने गॅस पेटवून दिला होता आणि आई पातेल्यात झाकलेलं अन्न हलवत होती. माझ्या तोंडाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. केसांत हात घातला, पार मुळापर्यंत बोटं नेली, आणि म्हणाली, "किती गं उशीर, धाकटे. बस. हात धुतलेस?"

मी हात धुतले. पाटावर बसले, तिच्याकडे पाठ करून, कारण तोंड दाखवायची सोय नव्हती. तिने ताट माझ्या मांडीवर दिलं. भात खाली लागला होता आणि मीठ अजिबात नव्हतं. मी खाल्लं. मला रडू येत होतं आणि मी खात होते. मागे तिच्या चमच्याचा आवाज येत होता. ती माझ्याबरोबर खात होती. मी थांबले की ती थांबायची. म्हणून मी थांबले नाही.

ताट पुसून झाल्यावर ताईने आईचं ताट आणून मला दाखवलं. झाकलेलं काही नव्हतं.

२४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वजन घेतलं आणि म्हणाल्या, एका दिवसाने काट्यात काही दिसत नाही. पण दाखल करणं पुढे ढकललं. "असंच दोन आठवडे करून बघा." निघताना आईने त्यांच्या भांगावरून बोट फिरवलं आणि सांगितलं, "रोज तेल लावा."

सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा आईने विचारलं होतं, तुम्ही कोण. मी म्हटलं, "मी इथेच राहते." "बरं," म्हणाली.

१ एप्रिल, बुधवार

ताई परत गेली. जायच्या आधी तिने आईपुढे मान वाकवली आणि आईने तिचे तेवढेसे केस फणीने सारखे करून दिले, पैसे घेतले नाहीत. "पुढच्या वेळी वाढवून या," म्हणाली. ताई विमानतळावर जाईपर्यंत त्या केसांना हात लावत होती.

आता मुख्य जेवण शाळा सुटल्यावर. रोज ताटात दुप्पट वाढते. रोज कोपऱ्यावरून पोरींबरोबर चालत येते. त्यांच्यातल्या दोघीतिघी आता मला हात करतात. रविवारी शाळा नसते तेव्हा एकटीच रस्त्यावरून येते, तेही चालतं. रोलर आणि पिना धुऊन डब्यात ठेवल्या आहेत. आईचं वजन थोडं वर सरकलं.

कामाची वेळ बदलून घ्यायची होती म्हणून आज साहेबांकडे गेले. सकाळी लवकर येते, पण शाळा सुटायच्या वेळी मला घरी असायलाच हवं, म्हटलं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्या मोकळ्या केसांकडे बघितलं. कागदावर सही करता करता विचारलं, "तुमच्या घरात शाळेत जाणारं कुणी आहे, हे मला माहीत नव्हतं."

आहे, म्हटलं.